छेद कोठे घ्यावा? मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील सिलिंड्रिकल नंबर आणि माझे शिकणे

पदव्युत्तर शिक्षण संपवून मी नाशिकमध्ये स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करू लागले, त्याच्या पहिल्याच वर्षी निफाड तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार काका माझ्याकडे आले. त्यांच्या उजव्या डोळ्यात पूर्ण पिकलेला मोतीबिंदू होता. लहान छेदाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया, जिला आपण एसआयसीएस म्हणतो, ती करण्याचे ठरले. शिकताना बसत आले तशीच मी रुग्णाच्या डोक्याशी बसले, वरच्या बाजूला सहा मिलिमीटरचा सरळ टनेल (बोगद्यासारखा छेद) केला, न्यूक्लियस, म्हणजे मोतीबिंदूचा कठीण गाभा, सुखरूप बाहेर आले आणि कृत्रिम लेन्स नैसर्गिक लेन्सच्या पिशवीत, म्हणजे बॅगमध्ये, नीट बसली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) इतका स्वच्छ होता की मला स्वतःचा अभिमान वाटला. सहा आठवड्यांनी चष्म्याचा नंबर काढला, तेव्हा उणे २.५० सिलिंडर, अक्ष ९० असा आला; सिलिंडर म्हणजे डोळ्याची वक्रता सर्व दिशांना सारखी नसल्याने लागणारा नंबर. चष्मा लावून ते शेवटची ओळ वाचत होते, पण चष्म्याशिवाय तक्त्यावरची अक्षरे त्यांना एकमेकांत सांडलेली दिसत होती. "बागेत चष्मा घामानं घसरतो, ताई, आणि काढला की घडावर घड दिसतो," असे ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी त्यांची फाइल पुन्हा उघडली. शस्त्रक्रियेआधीची केरॅटोमेट्री, म्हणजे कॉर्नियाच्या वक्रतेचे मोजमाप, त्यात व्यवस्थित डायॉप्टरमध्ये (नंबराच्या एककात) लिहिलेली होती: ९० अंशांवर ४३.५० आणि १८० अंशांवर ४४.७५. म्हणजे आडवा अक्ष आधीच सव्वा डायॉप्टरने अधिक वक्र होता आणि मी वरच्या छेदाने त्यात आणखी सव्वा डायॉप्टरची भर घातली होती. हे आकडे मी लेन्सची पॉवर काढण्यासाठी वापरले होते, पण छेदाची जागा ठरवण्यासाठी ते वाचलेच नव्हते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या सहकाऱ्यांनी ही चूक माझ्यासारखी रुग्णाच्या डोळ्यावर शिकू नये, म्हणून हे लिहीत आहे.

मूळ तत्त्व सोपे आहे. कॉर्नियावर किंवा तिच्या कडेला ज्या अक्षावर छेद घेतला जातो तो अक्ष सपाट होतो, आणि त्याला काटकोनात असलेला अक्ष तितकाच, किंवा जवळजवळ तितकाच, वक्र होतो. म्हणून छेद अधिक वक्र अक्षावर घेतला तर मूळचा सिलिंडर कमी होतो आणि सपाट अक्षावर घेतला तर तो वाढतो. तरुणपणी बहुतेकांच्या डोळ्यात उभा अक्ष अधिक वक्र असतो, आणि वय वाढते तसा हा कल हळूहळू आडव्या अक्षाकडे सरकतो. मोतीबिंदूसाठी येणारे आपले बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात, त्यामुळे त्यांच्यात आडवा अक्ष वक्र असणे नेहमीचेच आहे. अशा डोळ्याला वरून छेद देणे म्हणजे वयाने केलेल्या बदलात आपण आणखी भर घालणे होय.

वरचा छेद बाजूच्या छेदापेक्षा अधिक परिणाम का करतो, हे समजून घेतले की निर्णय सोपा जातो. कॉर्नियाचा आडवा व्यास सुमारे १२ मिलिमीटर, तर उभा सुमारे ११ मिलिमीटर असतो, म्हणून वरची कड दृष्टीच्या केंद्राच्या अधिक जवळ येते. शिवाय वरच्या पापणीचा दाब आणि प्रत्येक उघडझापीचा ताण त्याच जखमेवर पडतो. सहा मिलिमीटरच्या वरच्या सरळ टनेलमुळे साधारणपणे १ ते १.५ डायॉप्टर इतका बदल होतो, तर तोच टनेल कानाच्या बाजूने, म्हणजे टेम्पोरल घेतला तर तो सुमारे निम्म्यावर येतो. वरच्या व बाजूच्या मधल्या जागेचा परिणाम या दोहोंच्या मध्ये राहतो.

छेदाच्या आकाराबाबत पॉल कोच यांनी १९९१ मध्ये मांडलेली 'इन्सिजनल फनेल'ची कल्पना नवशिक्याने एकदा कागदावर रेखाटून पाहावी. छेदामुळे होणारा सिलिंडर त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लिंबसपासून, म्हणजे कॉर्नियाच्या कडेपासून, छेद जितका मागे, तितका तो कमी होतो. या फनेलच्या आत, म्हणजे लांबी आणि अंतर यांच्या या मर्यादेत, बसणारा छेद डोळ्याचा आकार फारसा बिघडवत नाही. लिंबसला समांतर असा हसऱ्या ओठांच्या आकाराचा छेद फनेलच्या बाहेर जातो, सरळ छेद त्यापेक्षा बरा, आणि टोके लिंबसपासून दूर वळलेला उलटा, म्हणजे फ्राउन छेद सर्वांत कमी बदल घडवतो. मी आज एसआयसीएसमध्ये फ्राउनच घेते. त्याचा मध्य लिंबसपासून दीड ते दोन मिलिमीटर मागे ठेवते, टनेल स्वच्छ कॉर्नियात सुमारे एक मिलिमीटर पुढे नेते आणि आतले तोंड बाहेरच्यापेक्षा रुंद करते, म्हणजे मोठे न्यूक्लियसही बाहेरचा छेद न वाढवता येते. आणखी दोन गोष्टी शिकवताना बहुधा सांगायच्या राहून जातात. स्क्लेरावर (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर) रक्तस्राव थांबवणारी कॉटरी जपून वापरावी, कारण जास्त जाळल्याने ऊतक आक्रसते आणि त्या अक्षाचा आकार बिघडतो. गळती थांबवण्यासाठी टाका घालावा लागलाच, तर घट्ट टाका त्या अक्षाला वक्र करतो, म्हणून सहाव्या आठवड्यात सिलिंडर जास्त आढळला तर घाबरून चष्मा देण्याऐवजी आधी टाक्याकडे पाहावे.

फेकोमध्ये, म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढण्याच्या शस्त्रक्रियेत, छेद लहान असल्याने परिणामही लहान असतो. २.८ मिलिमीटरचा टेम्पोरल छेद साधारण ०.३ ते ०.५ डायॉप्टर आणि २.२ मिलिमीटरचा त्याहून कमी बदल करतो. म्हणून फेकोत छेदाची जागा बदलून मोठा सिलिंडर जाईल अशी आशा धरू नये, पण अर्धा-पाऊण डायॉप्टरच्या डोळ्यात योग्य अक्ष निवडल्याने रुग्णाला लांबचे चष्म्याशिवाय दिसू शकते.

आता मोजमापाविषयी, कारण माझ्या मते पुष्कळशी फसगत इथेच होते. केरॅटोमेट्री डोळ्यात कोणतेही थेंब टाकण्यापूर्वी, दाब मोजण्यापूर्वी आणि डोळ्याची लांबी मोजणाऱ्या ए-स्कॅनचा प्रोब कॉर्नियाला लावण्यापूर्वी करावी. डोळा कोरडा असेल तर केरॅटोमीटरमध्ये दिसणारी वलये विस्कटतात आणि तीनदा घेतलेली तीन रीडिंग वेगवेगळी येतात. अशा रुग्णाला कृत्रिम अश्रू देऊन दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवावे. रुग्णाच्या जुन्या चष्म्यातील सिलिंडरवर छेद ठरवू नये, कारण त्यातला काही भाग मोतीबिंदू झालेल्या नैसर्गिक लेन्सचा असतो आणि तो तिच्याबरोबरच जातो. आपल्या जिल्ह्यात उन्हात आणि धुळीत काम करणाऱ्यांमध्ये टेरिजियम, ज्याला रुग्ण 'डोळ्यात मांस वाढले' असे म्हणतात, ते वारंवार दिसते. टेरिजियम आडव्या अक्षाला सपाट करते, त्यामुळे उभा अक्ष वक्र असल्याचा भास होतो. ते मोठे असेल तर आधी काढावे, कॉर्निया स्थिर होऊ द्यावी आणि नव्याने मोजून मगच मोतीबिंदूचा निर्णय घ्यावा. पेठ आणि सुरगाण्याच्या शिबिरांत रुग्ण पुन्हा येईल की नाही ही शंका असते, तरीही मी तिथल्या कार्यकर्त्यांना हे समजावून सांगते, आणि बहुतेक वेळा ते रुग्णाला परत घेऊन येतात.

केरॅटोमीटर कॉर्नियाचा पुढचाच पृष्ठभाग मोजतो. मागच्या पृष्ठभागाचा वाटा २०१२ मध्ये डग्लस कोच आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिला. तो सरासरी ०.३ डायॉप्टर असतो आणि बहुतेक डोळ्यांत आडव्या अक्षाची ताकद वाढवतो. त्यामुळे उभा अक्ष वक्र असलेल्या डोळ्यात यंत्र सिलिंडर जास्त दाखवते आणि आडवा वक्र असलेल्या डोळ्यात कमी. व्यवहारात याचा अर्थ असा की, उभा अक्ष अर्धा डायॉप्टर वक्र असेल तर त्याला वरून छेद देऊन सपाट करण्याची घाई करू नये. थोडा उभा सिलिंडर शिल्लक राहू द्यावा, कारण वयाबरोबर तो आपोआप कमी होणार असतो.

सिलिंडर ही साधी बेरीज-वजाबाकी नाही, हे मला सर्वांत उशिरा उमगले. त्याला परिमाण असते तशी दिशाही असते. समजा, डोळ्यात ९० अंशांवर १ डायॉप्टर वक्रता अधिक आहे आणि तुमच्या छेदाचा परिणाम अर्ध्या डायॉप्टरचा आहे. छेद ९० वर घेतला तर अर्धा डायॉप्टर उरेल, हे सर्वांना पटते. पण तोच छेद ४५ अंशांवर घेतला तर काय उरेल? 'थोडे तरी कमी होईल' असे मी पूर्वी म्हटले असते. प्रत्यक्षात अक्ष दुप्पट करून व्हेक्टर मांडले की उत्तर सुमारे १.१ डायॉप्टर, अक्ष १०३ असे येते. म्हणजे सिलिंडर कमी न होता किंचित वाढला आणि अक्षही फिरला. कोणत्याही कॅल्क्युलेटरवर विसंबण्यापूर्वी हे गणित एकदा पेन्सिलने स्वतः सोडवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

याच गणितातून माझ्या स्वतःच्या हाताविषयी एक गोष्ट लक्षात आली. उजव्या हाताने काम करणारा सर्जन डोक्याशी बसला की त्याचा छेद सहसा घड्याळाच्या बरोबर बारावर न पडता साडेदहाच्या आसपास पडतो. उजव्या डोळ्यात ही जागा वरच्या-बाहेरच्या भागात येते, तर डाव्या डोळ्यात नाकाकडच्या वरच्या भागात. छेद दिसायला सारखा असतो, पण दोन डोळ्यांवरचा त्याचा परिणाम सारखा नसतो. म्हणून नोंदवहीत उजव्या आणि डाव्या डोळ्यांची पाने वेगळी ठेवावीत. प्रत्येक रुग्णाचे आधीचे दोन्ही के (केरॅटोमेट्रीचे आकडे) आणि अक्ष, छेदाची जागा, आकार, लांबी आणि सहा आठवड्यांनंतरचे के एवढेच लिहायचे असते. तीस-चाळीस डोळे झाले की स्वतःचा परिणाम कळू लागतो. टोरिक, म्हणजे सिलिंडर दुरुस्त करणाऱ्या लेन्सच्या, कॅल्क्युलेटरमध्ये भरायचा आकडा मात्र या सर्वांच्या परिमाणांची साधी सरासरी नसून व्हेक्टरची सरासरी, म्हणजे सेंट्रॉइड असतो, आणि लहान टेम्पोरल छेदासाठी तो साध्या सरासरीपेक्षा बराच कमी निघतो.

अक्ष ठरवला तरी टेबलावर तो सापडला पाहिजे. आडवे झाल्यावर डोळा काही अंश फिरतो, आणि पेरिबल्बर भूल (डोळ्याभोवती दिलेले भुलीचे इंजेक्शन) दिल्यावर स्थितीचा अंदाज आणखी चुकतो. म्हणून रुग्णाला बसवून, समोर पाहायला सांगून, स्लिट लॅम्पवर तीन, सहा आणि नऊच्या जागी खूण करूनच आत न्यावे. रुग्ण आजी असतील तर त्यांची मान कलती आहे का, तेही पाहावे.

टेम्पोरल बसण्याची सवय मला जड गेली, हे प्रामाणिकपणे सांगते. मायक्रोस्कोपचा स्टँड दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो, फूटपेडल टेबलाच्या पायांत अडकते, मनगटाला कपाळाचा आधार नसतो आणि डाव्या डोळ्यासाठी सगळी मांडणी उलटी करावी लागते. पहिल्या काही शस्त्रक्रियांना मला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. यासाठी एक दिवस शस्त्रक्रिया नसताना थिएटरमधील सिस्टर आणि मदतनीस यांच्यासह रिकाम्या टेबलाभोवती सर्व हालचाली करून पाहाव्यात. सुरुवात मऊ मोतीबिंदू, चांगली पसरणारी बाहुली आणि उजवा डोळा यांनी करावी. खोल डोळे आणि उंच भुवई असलेल्या रुग्णात टेम्पोरल जागा उलट सोयीची वाटते. काचबिंदू असलेल्या किंवा होण्याची शक्यता असलेल्या रुग्णात तर वरचा कंजंक्टिव्हा (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण) पुढच्या शस्त्रक्रियेसाठी अस्पर्श राहावा, म्हणून मी बाजूनेच जाते. याउलट पापणीखाली झाकलेली वरची जखम अधिक सुरक्षित राहते. उभा अक्ष वक्र असेल आणि रुग्ण धुळीत काम करणारा असेल, तर मी वरचाच छेद पसंत करते.

छेदाची मर्यादाही रुग्णाला आधीच सांगावी. साधारण एक डायॉप्टरपर्यंत छेदाची जागा आणि आकार यांनी काम भागते. फेकोत समोरासमोर दोन छेद वक्र अक्षावर घेतले तर आणखी थोडे साधते, लिंबल रिलॅक्सिंग छेदांचाही (वक्र अक्ष सपाट करण्यासाठी कॉर्नियाच्या कडेला घेतलेल्या छेदांचाही) उपयोग होतो, पण त्यांचा परिणाम प्रत्येक डोळ्यात सारखा येत नाही. दीड डायॉप्टरच्या पुढे टोरिक लेन्सचा पर्याय मोकळेपणाने मांडावा, आणि ती लेन्स एक अंश फिरली की सुमारे ३.३ टक्के परिणाम जातो हेही सांगावे. खर्च परवडत नसेल तर चष्मा लागेल, हे आधी ऐकलेला रुग्ण नंतर दुखावत नाही. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या एका आजोबांनी असे सर्व ऐकून घेऊन चष्माच निवडला, कारण मागावर बसताना त्यांना तो तसाही लागणार होता.

निफाडचे काका दोन वर्षांनी डाव्या डोळ्यासाठी पुन्हा माझ्याकडेच आले. या डोळ्यातही आडवा अक्ष सव्वा डायॉप्टरने वक्र होता. मी टेम्पोरल बसून फ्राउन टनेल केला, आणि सहाव्या आठवड्यात ०.७५ सिलिंडर उरला. त्यांनी विचारले, "या डोळ्यानं बिनचष्म्याचं दिसतं, मग त्या डोळ्याला का नाही, ताई?" मी त्यांना दोन्ही फाइली शेजारी ठेवून दाखवल्या आणि पहिल्या वेळी छेदाची जागा मी चुकीची निवडली होती, असे सांगितले. ते थोडा वेळ दोन्ही कागद पाहत राहिले, मग उजव्या डोळ्याचा नंबर पुन्हा तपासून द्यायला सांगून छाटणीच्या गडबडीत निघून गेले.