बुद्धिबळातील क्लासिकल (दीर्घ वेळेच्या) डावाची तयारी: जोडी लागल्यापासून पहिल्या चालीपर्यंत

कोणाशी खेळायचे ती जोडी जाहीर होताच आधी आपला रंग पाहावा आणि मगच प्रतिस्पर्ध्याचे डाव उघडावेत, कारण आपल्याकडे पांढरी मोहरी असतील तर त्याचे काळ्या मोहऱ्यांचेच डाव उपयोगाचे. अलीकडचे पंधरा-वीस पुरेत. तो कोणती सुरुवात खेळतो एवढेच न पाहता, वजिरांची अदलाबदल झाल्यावर तो धीराने खेळत राहतो की लगेच बरोबरी मागतो, आणि घड्याळात वेळ कमी उरली की त्याच्या चुका कुठे होतात, हेही टिपून ठेवावे. माझ्या मते पाठ केलेल्या चालींपेक्षा ही टिपणे अधिक कामी येतात. आदल्या रात्री नवी सुरुवात शिकायला घेऊ नये. नेहमीच्या सुरुवातीतला एकच फाटा (चालींचा एक क्रम) इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक प्रोग्रॅम, बंद ठेवून पटावर मांडावा आणि प्रत्येक चाल का करायची हे स्वतःला सांगून पाहावे.

40 चालींना 90 मिनिटे, त्यापुढे 30 मिनिटे आणि पहिल्या चालीपासून दर चालीला 30 सेकंद जादा, ही प्रत्येक खेळाडूला मिळणारी वेळ भरपूर वाटते; तरीही पंधराव्या चालीला किमान किती मिनिटे शिल्लक हवीत, तो आकडा घरीच ठरवावा. टायब्रेक (लढत बरोबरीत राहिल्यास निकालासाठीचे जादा डाव) असेल तर जलद, म्हणजे कमी वेळेच्या, डावांचा सरावही हवा. जुलै 2025 मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हम्पी आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, पहिला जलद डावही तसाच सुटला, आणि दुसरा दिव्याने जिंकला तो काळ्या मोहऱ्यांनी. तेव्हा काळ्या मोहऱ्यांची तयारी निव्वळ बचावापुरती ठेवू नये.

नियमांची उजळणी राहून जाते आणि तीच महाग पडते. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) करताना आधी राजाला हात लावावा. हत्तीला आधी हात लावला, तर त्या चालीला त्या बाजूचा किल्लेकोट करता येत नाही. आपल्या चालीने तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल आणि त्यावरून बरोबरी मागायची असेल, तर चाल पटावर न करता फक्त नोंदपत्रिकेवर लिहावी, घड्याळ थांबवावे आणि पंचांना बोलवावे. फोन खोलीवरच ठेवावा. तो खेळाच्या जागी सापडल्यास डाव गमवावा लागू शकतो.

फेरीच्या दहा मिनिटे आधी पटाशी पोहोचावे, दोन पेने जवळ ठेवावीत, राजा आणि वजीर आपापल्या घरांत आहेत ना हे पाहावे आणि घड्याळ ठरल्या वेळेवर लावले आहे याची खात्री करावी, कारण ती चूक पंचांना डाव सुरू होण्याआधी सांगणे सोपे जाते.