नेमणुकीवर निघण्याआधी एक पाकीट

घरचा जवान दूर नेमणुकीवर असतो आणि सैन्याच्या कुटुंबकल्याण कार्यालयात पहिलाच प्रश्न येतो, "सेवा क्रमांक काय?" जवानाचा हा सैन्यातला ओळख क्रमांक घरी माहीत नसतो; बरेच हेलपाटे इथेच पडतात.

निघण्याच्या आठवडाभर आधी जवान आणि जोडीदार दोघांनी बसून एक पाकीट भरा.

१. सेवा क्रमांक, हुद्दा, युनिटचं पूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात.
२. ओळखपत्रांच्या प्रती, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले. कुटुंबांसाठी एखादं शिबिर असेल तर त्याच्या नावनोंदणीलाही हेच कामी येतात.
३. जवानाने सही केलेलं अधिकारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने काम करायची लेखी परवानगी. बँकेला बहुधा स्वतःचाच नमुना हवा असतो, तो आधी मागून घ्या; नंतर सही आणायची कुठून?
४. युनिटमधल्या संपर्क व्यक्तीचा फोन.

पाकिटाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. जाण्यायेण्याच्या तारखा तर मुळीच नाही.