कंपाउंडला सिमेंट ब्लॉक घेताय? या चुका टाळा

‘ब्लॉक किती न्यूटनचा?’, म्हणजे चौरस मिलिमीटरला किती न्यूटन दाब पेलून चुरडत नाही, हा प्रश्न हल्ली प्रत्येक जण विचारतो. मोबाइलवर काहीतरी वाचलेलं असतं आणि ब्लॉकवाल्यासमोर आपण अगदीच अडाणी दिसू नये, अशी इच्छा असते. विचारायला हरकत नाही, पण कंपाउंडच्या भिंतीपुरतं बोलायचं तर याच्याइतका बिनकामाचा प्रश्न दुसरा नाही.

हिशेब करून बघा. पाच फुटी सॉलिड ब्लॉकच्या भिंतीचं स्वतःचं वजन तळाच्या थरावर येतं चौरस मिलिमीटरला जेमतेम 0.03 न्यूटन. काँक्रीट ब्लॉकच्या आयएस 2185 या भारतीय मानकात सॉलिड ब्लॉकची सगळ्यात खालची पायरीच 4 न्यूटनची आहे. म्हणजे शंभरपटीहून जास्त ताकद हाताशी आहे. 6 इंची ब्लॉकवर तेवीस-चोवीस टन ठेवले तर तो चुरडेल, पण कंपाउंडवर चोवीस टन ठेवणार कोण? मी तडे गेलेली, कललेली, पोटातून फुगलेली कंपाउंडं भरपूर पाहिली. ब्लॉक चुरडून बसलेलं एकही पाहिलं नाही.

भिंत बिघडते ती कोवळ्या ब्लॉकमुळे, काळ्या मातीमुळे, मागून रेटणाऱ्या भरावामुळे, आणि विटेवर हात बसलेल्या गवंड्याच्या सवयीमुळे. तेव्हा न्यूटन सोडून बाकीचं विचारा.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक: कोवळा ब्लॉक

बार्शीकडच्या एका शेताला कंपाउंड घालायचं होतं. मालकांनी ब्लॉक आधीच आणून ठेवले होते. बघायला एकदम देखणे: कडा शाबूत, रंग एकसारखा, दोन एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज. मी एक ब्लॉक घणाने मधोमध फोडायला लावला. बाहेरून राखाडी, कोरडा ठाक. पण आत मधोमध तळहाताएवढा गडद, ओलसर डाग. ब्लॉक आठवड्याभराचा होता. मालक म्हणाले, ‘‘साहेब, तो म्हणाला सात दिवसांत सिमेंट पक्कं होतं.’’

सिमेंट पक्कं होतं हे खरं, पण प्रश्न पक्केपणाचा नाही, सुकण्याचा आहे. काँक्रीट सुकताना आकसतं. ते आकसणं रचलेल्या थप्पीत झालं तर कुणाचं काही जात नाही. भिंतीत बसल्यावर झालं, तर ब्लॉकला आकसायचं असतं आणि सांध्यातला सिमेंट-वाळूचा मसाला त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतो. मग कुठेतरी फाटतं. मानकाने सुकताना आकसण्याची मर्यादा 0.06 टक्के ठेवली आहे. ऐकायला किरकोळ वाटते. 20 मीटर लांब भिंतीवर तिचेच 12 मिलिमीटर होतात, म्हणजे करंगळी जाईल एवढी फट. ती फट एका जागी पडत नाही. चार-पाच उभ्या भेगांमध्ये वाटली जाते, आणि पहिल्या पावसात प्रत्येक भेगेतून ओल आत शिरते.

त्याच मानकात यावर उपायही लिहिलेला आहे: निदान 14 दिवस सतत ओलं ठेवणं आणि नंतर चार आठवडे सुकवणं. एकूण सहा आठवडे झाले. बाजारात एवढा धीर कुणाला नसतो. ब्लॉकवाल्याची जागा अडते, त्याचा पैसा अडकतो. म्हणून धीर आपणच धरायचा. मार्चमध्ये बांधकाम काढायचं असेल, तर संक्रांतीच्या सुमारास ब्लॉक ठरवा. थप्पीवर आपल्यासमोर रंगाने तारीख टाकायला सांगा. तो टाकत नसेल, तर माल आणून आपल्याच प्लॉटवर महिनाभर सुकू द्या. थप्पी लाकडी फळ्यांवर किंवा फुटक्या ब्लॉकच्या तुकड्यांवर रचा, जमिनीला टेकवू नका. दोन थप्प्यांमध्ये वारा खेळेल एवढी जागा सोडा. अवकाळी येईल असं वाटलं, तर वरून प्लास्टिक टाका, पण बाजू मोकळ्या ठेवा.

आणि दर पाच-सहाशे ब्लॉकमागे एक फोडाच. एका ब्लॉकचा बळी परवडतो.

‘विटेसारखंच असतंय की साहेब’

ब्लॉक चांगले सुकवून आणले, तरी साइटवर एक माणूस नळी घेऊन उभा असतो. बार्शीलाच महिनाभर थांबून काम सुरू केलं, तर पहिल्याच सकाळी हेल्पर थप्पीवर धो धो पाणी मारत होता. गवंडी मामा साठीच्या पुढचे, हात सोन्यासारखा.

‘‘मामा, ब्लॉक भिजवू नका.’’

‘‘अवो साहेब, कोरडा लावला तर मसाल्याचं पाणी पिऊन टाकंल त्यो. मग धरंल कसं?’’

मामांचं म्हणणं विटेच्या बाबतीत शंभर टक्के खरं. भाजलेली वीट तहानलेली असते, भिजवलीच पाहिजे. सिमेंटच्या ब्लॉकचं उलट आहे. भिजला की फुगतो, भिंतीत बसल्यावर सुकून आकसतो, आणि महिनाभर थांबलेलं सगळं एका सकाळी वाया जातं. उन्हाचा कडाका असेल तर मसाला लागणाऱ्या बाजूवर ओला ब्रश फिरवा, तेवढं पुरे. मामांना ते पटलं नाही, पण त्यांनी केलं. संध्याकाळी स्वतःच एक ब्लॉक हलवून बघितला आणि काही बोलले नाहीत.

मसाल्याचंही तसंच. ‘मजबूत पाहिजे’ म्हणून 1:3 चा, म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग वाळूचा माल लावणारे आहेत. कंपाउंडला 1:6 भरपूर झाला. मसाला ब्लॉकपेक्षा कडक झाला, की भिंत हलताना भेग सांध्यातून जात नाही, थेट ब्लॉक चिरत जाते. सांध्यातली भेग कोरून भरता येते. चिरलेल्या ब्लॉकचं काय करणार?

माप

भारतात ब्लॉकचं बोलायचं माप एक आणि खरं माप दुसरं. 400 बाय 200 म्हणतात तो 390 बाय 190 असतो, कारण 10 मिलिमीटर मसाल्याच्या सांध्यासाठी सोडलेले असतात. बोलायच्या मापावर धरलं तर एका चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक लागतात. 30 मीटर लांब, दीड मीटर उंच भिंतीला 563, आणि तूटफूट धरून 590 सांगा. हे सगळे एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी घ्या. पन्नास कमी पडले म्हणून शेजारच्या गावातून आणले, की त्यांची उंची दोन-चार मिलिमीटरने वेगळी निघते आणि गवंडी तो फरक सांध्यात जिरवत बसतो. कुठे सांधा पाच मिलिमीटरचा, कुठे वीसचा.

एकाच कारखान्याचा मालही सारखा असेलच असं नाही. साचा झिजला की ब्लॉक जाड होत जातो. मानकात लांबीला 5 आणि उंची-रुंदीला 3 मिलिमीटर कमी-जास्तीची मुभा आहे. तपासायचं कसं? थप्पीच्या वेगवेगळ्या भागांतून दहा ब्लॉक काढा, सपाट फरशीवर उभ्या मापाने शेजारीशेजारी ठेवा आणि वरून दोरी ताणा. डोळ्याला लगेच दिसतं.

खाचा असलेले, एकमेकांत अडकणारे ब्लॉक घेणार असाल, तर इथे दुप्पट काटेकोर राहा. मसाला नसतो, त्यामुळे चूक जिरवायला जागाच नसते. खालच्या थरात 2 मिलिमीटर तिरपेपणा राहिला तर आठव्या थरापर्यंत भिंत ओळंब्यातून बाहेर गेलेली असते. या प्रकारात पहिला थर एक अख्खा दिवस घेऊन लावला तरी चालेल. पुढचं काम तासांत होतं.

पाणी पिणारा ब्लॉक

क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, डस्ट जास्त आणि सिमेंट कमी, असा ब्लॉक दिसायला गुळगुळीत असतो, पण टीपकागदासारखं पाणी ओढतो. घरच्या घरी कळतं. उन्हात चांगला वाळलेला ब्लॉक वजन काट्यावर ठेवा, चोवीस तास पाण्यात बुडवा, बाहेर काढून निथळू द्या, पुसा आणि पुन्हा तोला. 6 इंची सॉलिड ब्लॉक साधारण 23 किलो भरतो. वाढ सव्वादोन किलोच्या आत, म्हणजे 10 टक्क्यांच्या आत हवी. एक मेख आहे: ब्लॉक आधीच ओला असेल तर तो कमी पाणी पितो आणि परीक्षेत पहिला येतो. म्हणून आधी नीट वाळवा.

एएसी ब्लॉकचं इथेच सांगून टाकतो. हलके, झटपट लागतात, इमारतीच्या आतल्या भिंतींना उत्तम. कंपाउंडला, तेही मातीला टेकून, लावू नका. तो ब्लॉक म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचं काँक्रीट, पाणी भरपूर ओढतो. फ्लॅटचं काम झाल्यावर उरलेले म्हणून कंपाउंडला लावलेले पाहिले आहेत. दोन पावसाळ्यांत खालच्या दोन थरांचं प्लास्टर पोपडे धरून निघालं होतं.

पोकळ ब्लॉक चांगले, पण त्यांचा फायदा पोकळीत आहे. कोपऱ्यात, फाटकाच्या दोन्ही बाजूंना आणि मधूनमधून त्या पोकळीत पायातून वर आलेली सळई आणि बारीक खडीचं काँक्रीट गेलंच पाहिजे. लावताना जाड कडेची बाजू वर, म्हणजे मसाला बसायला जागा मिळते. हे दोन्ही करणारा गवंडी नसेल, तर सरळ सॉलिड घ्या.

काळी माती

सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, नगरचा बराच भाग. इथे ब्लॉक कोणताही घ्या, माती त्याचं ऐकत नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन फुटांची चर खणून त्यावर ब्लॉक लावत गेलात, तर भिंत दरवर्षी उठबस करणार. मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या, तिथून कॉलम वर आणा, कॉलमवर जोत्याचा बीम टाका, आणि बीमच्या खाली दोन-तीन इंच मोकळी जागा सोडा, म्हणजे फुगलेली माती बीमला ढकलणार नाही. मुरूम फार खोल असेल तर हा खर्च भिंतीपेक्षा जास्त होतो.

अशा वेळी मी ब्लॉकचा आग्रह धरत नाही. खाचेचे खांब आणि त्यात सरकवलेल्या पातळ पट्ट्यांचं रेडिमेड कंपाउंड काळ्या रानात जास्त शहाणपणाचं. ते देखणं नसतं, पण खांब थोडा हलला तरी पट्ट्या खाचेत हलतात, तडकत नाहीत. समुद्रकाठी मात्र त्याच पट्ट्या जपून घ्या. दोन इंच जाडीत सळईवर काँक्रीटचं पांघरूण मुळातच थोडं, खारी हवा लागली की आतली सळई गंजते आणि पट्टी सोलत जाते. कोकण-गोव्यात जवळ चांगला जांभ्याचा चिरा मिळत असेल तर हा सगळा विचार कशाला करायचा, तेही एक आहे.

ब्लॉकची भिंत कुठेही बांधा, दर 6 मीटरच्या आसपास वरपासून खालपर्यंत एक सरळ उभा सांधा मोकळा सोडा आणि त्यात लवचिक सीलंट भरा. मालकांना हे आवडत नाही. ‘मुद्दाम चीर कशाला?’ चीर पडणारच आहे. तुम्ही सोडलीत तर सरळ पडेल.

भराव

प्लॉट रस्त्यापेक्षा खाली आहे, म्हणून कंपाउंड झाल्यावर आतून तीन फूट मुरूम भरला, ही गोष्ट इतकी सर्रास होते की तिला कुणी चूक मानत नाही. कंपाउंडची भिंत स्वतःचं वजन आणि वारा पेलायला केलेली असते, माती अडवायला नाही. त्यात पाऊस मुरला की मातीच्या जोडीला पाण्याचा दाब येतो. 2019 च्या पावसाळ्यात पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 माणसं गेली आणि तीनच दिवसांनी मालाडच्या पिंपरीपाड्यात तसंच घडलं. तेव्हा भराव टाकायचा असेल तर ती वेगळी, डिझाइन करून घेतलेली आरसीसीची भिंत. मागे दगडगोट्यांचा थर, पुढे पाणी निघायला भोकं. ब्लॉकचा दर्जा वाढवून ही चूक भरून निघत नाही.

तडा गेलाच आहे, आता?

आधी वाचा, मग भरा. दोन कॉलमच्या मधोमध सरळ उभी, वर-खाली सारख्या रुंदीची भेग म्हणजे ब्लॉक आकसला. एक उन्हाळा जाऊ द्या, मग कोरून सीलंट भरा. लगेच सिमेंट भरलंत तर शेजारी दुसरी पडेल. पायऱ्यांसारखी सांध्यासांध्यातून चढत जाणारी, वर रुंद होणारी भेग पायाची. भिंतीच्या लांबीभर एकाच थराला आडवी भेग आणि त्यावर भिंत बाहेर झुकलेली, तर मागून रेटा आहे. तिथे भरायचं काही नाही. आधी माणसं आणि गाड्या हलवा, मग भराव उतरवा. जाळीसारख्या बारीक रेषा फक्त प्लास्टरच्या असतात, त्यांच्यासाठी झोप घालवू नका. पांढरा लोणा दिसला तर कोरड्या ब्रशने झाडा आणि पाणी कुठून चढतंय ते शोधा. धुऊन काढलात तर पुन्हा येईल.

पायाच्या भेगेबद्दल शंका असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजा. मे महिन्यात एकदा, सप्टेंबरमध्ये एकदा. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसात मिटणारी भेग म्हणजे काळी माती श्वास घेतेय. तिच्यात कडक माल भरू नका. दरवर्षी एकाच दिशेने वाढत चालली असेल, तर मात्र इंजिनिअरला बोलवा. बार्शीच्या भिंतीवर फाटकापाशी अशा दोन तारखा आहेत, मामांच्या हातच्या. दोन्हींसमोर आकडा एकच आहे: 1 मिलिमीटर.