गुन्हा अनेक जिल्ह्यांत, खटला एकाच न्यायालयात: अर्ज कोठे आणि कसा करावा

गुंतवणुकीच्या नावाखाली पैसे कोल्हापुरात घेतले, ते सांगलीतील बँक खात्यात जमा झाले आणि बनावट पावत्या रत्नागिरीहून आल्या, तर ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असे उत्तर मिळाले तरी फिर्यादीने परत फिरू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने (म्हणजे हद्द न पाहता, नंतर योग्य ठाण्याकडे पाठवण्यासाठी) गुन्हा नोंदवता येतो.

फिर्यादीत कोणती कृती कोणत्या गावी घडली हे तारीखवार लिहावे. गुन्ह्याचा काही भाग एका हद्दीत व काही भाग दुसऱ्या हद्दीत घडला असेल, तर कलम १९८ प्रमाणे त्यांपैकी कोणत्याही हद्दीतील न्यायालयाला खटला चालवता येतो. त्यामुळे हा तपशील म्हणजेच पुढील अर्जाचा पाया होय.

खरी गफलत पोलीस आणि न्यायालय यांच्या हद्दींच्या वेगवेगळ्या नकाशांत होते. पोलिसांच्या कोल्हापूर परिक्षेत्रात (अनेक जिल्ह्यांच्या पोलीस विभागात) कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ग्रामीण व पुणे ग्रामीण येतात, रत्नागिरी येत नाही. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आहेत, पुणे नाही. म्हणून तपास एकत्र करण्याची मागणी एकाच परिक्षेत्रापुरती असेल तर विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे, अन्यथा पोलीस महासंचालकांकडे करणे इष्ट. खटल्याचा प्रश्न मात्र न्यायालयाच्या नकाशावरच सोडवावा लागतो.

एकाच सत्र विभागातील (सहसा एका जिल्ह्यातील) खटला दुसऱ्या न्यायालयात वर्ग करायचा असल्यास आधी सत्र न्यायाधीशांकडे अर्ज करावा, कारण तो नामंजूर झाल्याशिवाय उच्च न्यायालयात जाता येत नाही. वेगवेगळ्या जिल्ह्यांतील खटल्यांसाठी कलम ४४७ खाली शपथपत्रासह थेट उच्च न्यायालयात अर्ज करावा आणि त्याला सर्व गुन्ह्यांचे क्रमांक, पोलीस ठाणी व साक्षीदारांची गावे यांचा तक्ता जोडावा. केवळ प्रवासाची गैरसोय सांगून भागत नाही. साक्षीदार व कागदपत्रे समान आहेत, हे दाखवणे अधिक परिणामकारक ठरते.

निपाणीचा धागा निघाला, तर प्रकरण कर्नाटकात पोहोचते. त्याच गुन्ह्याची दोन्ही राज्यांतील न्यायालयांनी दखल घेतली असल्यास, कलम २०६ प्रमाणे कार्यवाही जेथे प्रथम सुरू झाली तेथील उच्च न्यायालय निर्णय देते. खटला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग करण्याचा अधिकार मात्र कलम ४४६ खाली सर्वोच्च न्यायालयाला आहे.