घरच्या सीएनसी मिलसाठी टूलिंग कसं निवडावं

मिल घरी आली की पहिला मोह होतो तो सोनेरी-जांभळ्या कोटिंगच्या एंड मिलचा (टोकाने आणि बाजूने कापणाऱ्या कटरचा) भरगच्च सेट घेण्याचा. तो तूर्त राहू द्या. कटर झिजतात, तुटतात, पुन्हा आणावे लागतात. जॉब (कापायचा तुकडा) धरणारी, टूल धरणारी आणि मोजमापाची साधनं मात्र वर्षानुवर्षं टिकतात. बजेटचा मोठा वाटा तिथे जाऊ द्या.

आधी स्पिंडल ओळखा

स्पिंडलचा, म्हणजे टूल फिरवणाऱ्या दांड्याचा, टेपर (होल्डर बसतो तो निमुळता भाग) कोणता आणि जास्तीत जास्त आरपीएम किती, हे कागदावर लिहून मगच दुकानात जा. ईआर-११ कोलेट (कटर आवळून धरणारी चिरलेली बाही) असेल तर ७ मिमीपेक्षा जाड शँक (कटरचा दांडा) बसत नाही; ईआर-२० असेल तर १३ मिमीपर्यंत चालते. २४,००० आरपीएमच्या छोट्या स्पिंडलला कमी वेगात ताकद नसते, तेव्हा त्यावर मोठं ड्रिल किंवा फेस मिल लावायचा विचारही नको. बीटी-३० टेपर असेल तर पुलस्टडचा (होल्डरला मागून खेचून धरणाऱ्या खुंटीचा) जुना नमुना बरोबर न्या. त्यात वेगवेगळे कोन येतात, आणि चुकीचा पुलस्टड होल्डर नीट खेचून धरत नाही.

कोलेट थोडे, पण चांगले

सुरुवातीला ३, ४, ६, ८ आणि १० मिमी पुरे (ईआर-११ असेल तर ६ पर्यंतच). घेताना नट आणि कोलेट दोन्ही बरे घ्या, कारण खरी गंमत रनआउटमध्ये, म्हणजे फिरताना टूल मध्यापासून किती डगमगतं त्यात, आहे. ३ मिमीच्या कटरचा प्रत्येक दात फेरीला साधारण ०.०२ मिमी कापतो. रनआउटही तेवढाच असेल तर एकच दात सगळं काम करतो, दुसरा नुसता फिरतो, आणि कटर ‘उगाचच’ तुटला असं वाटतं. सरळ ग्राउंड पिन कोलेटमध्ये धरून डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावा आणि स्पिंडल हाताने फिरवून बघा. कोलेट आधी नटमध्ये टिचकन बसवायचं, मग नट होल्डरवर चढवायचा. उलटं केलं तर महागडं कोलेटही वाकडंच धरतं.

टूल बाहेर जितकं कमी काढाल तितकं बरं. हा बाहेरचा भाग, म्हणजे ओव्हरहँग, दुप्पट केला तर त्याच जोराखाली कटर आठपट वाकतो. लांब कटर म्हणूनच गरज पडली तरच घ्यायचे.

व्हाइसवर कंजुषी नको

ड्रिलिंग मशीनचा स्वस्त व्हाइस (जॉब आवळायचा शिकंजा) मिलवर लावू नका. आवळताना त्याचा सरकता जबडा वर उचलला जातो, आणि जॉब तिरका बसतो. छोट्या टेबलला ७५ ते १०० मिमी जबड्याचा, ग्राउंड केलेला टूलमेकर व्हाइस उत्तम. सोबत पॅरललची (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्यांची) जोडी घ्या. जॉब आवळल्यावर खालचे पॅरलल बोटाने हलवून बघा. हलले तर जॉब उचलला गेलाय. टी-नट (टेबलच्या खाचेत बसणारे नट) आणि क्लॅम्पचा किट घेण्याआधी टेबलच्या स्लॉटची रुंदी मोजा. दुकानदाराला ‘दादा, नेहमीचा द्या’ म्हणून भागत नाही.

मोजमापाला एक डिजिटल कॅलिपर, मॅग्नेटिक स्टँडसह एक लिव्हर डायल आणि एक एज फाइंडर (जॉबची कड शोधायचं साधन). डायल स्थिर जबड्यावरून फिरवून व्हाइस मशीनच्या अक्षाला समांतर करायचा. १० मिमी टोकाच्या एज फाइंडरने कड सापडली की झिरो घेताना ५ मिमी धरायला विसरू नका.

आता कटर

अ‍ॅल्युमिनियमला, म्हणजे ६०६१ किंवा आपल्याकडच्या एचई-३० ला, दोन किंवा तीन फ्लूटची (कापणाऱ्या दातांची), धारदार, कोटिंग नसलेली कार्बाइड एंड मिल. एमएस (माइल्ड स्टील) किंवा ईएन-८ पोलादाला चार फ्लूट, एएलटीआयएन (AlTiN) कोटिंगची. हीच अ‍ॅल्युमिनियमवर लावाल तर कीस धारेला चिकटण्याचा त्रास वाढतो.

वेगाचा हिशेब सोपा: आरपीएम = १००० × कटिंग स्पीड ÷ (३.१४ × व्यास). अ‍ॅल्युमिनियमसाठी १५० मीटर प्रतिमिनिट धरले तर ६ मिमी कटरला सुमारे ८,००० येतात. मशीन ५,००० वरच थांबत असेल तर बिघडलं नाही, फक्त फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) त्याच प्रमाणात कमी करा: ५,००० × २ दात × ०.०३ = ३०० मिमी प्रतिमिनिट. खोल खाचेतून कीस बाहेर काढायला हवेचा झोत लागतोच. चष्म्याशिवाय मशीन चालू करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

नाशिकमध्ये खरेदी

सातपूर आणि अंबड एमआयडीसीमुळे नाशिककरांचं एक बरं आहे: टूलवाले, ग्राइंडिंगवाले आणि भंगारवाले एकाच गावात. जुना होल्डर घेताना टेपरवर नख फिरवा. ओरखडा लागला तर सोडून द्या. मोठ्या एंड मिलना धार लावून मिळते, ३-४ मिमीच्या मात्र नव्याच परवडतात. पावसाळ्यात व्हाइस आणि पॅरललवर तेलाचा हलका हात फिरवा, विशेषतः पाण्यात मिसळायचं कुलंट वापरत असाल तर. आणि तुटलेल्या कार्बाइडसाठी वेगळा डबा ठेवा. भंगारात त्याचा भाव लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असतो.