मुलावर ओरडल्यानंतर त्याची क्षमा कशी मागावी : ख्रिस्ती आईबाबांसाठी

घरात रोज प्रार्थना होते, मुलांना वचनं पाठ असतात, रविवारची उपासना कधी चुकत नाही. तरी एखाद्या सकाळी आपण मुलावर असे खेकसतो की त्याचा चेहरा उतरतो. मग दिवसभर जीव लागत नाही, आणि संध्याकाळी काही झालंच नाही असं आपण वागतो. माझ्या मते आपल्या आत्मिक वाढीची खरी जागा हीच आहे. इफिसकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात पौल मुलांना आज्ञापालन सांगतो आणि पाठोपाठ बापांना बजावतो, मुलांना चिरडीस आणू नका. ही आज्ञा आपल्यासाठी आहे.

आधी देवाकडे जा. दुसऱ्या खोलीत पाच मिनिटं बसा आणि 51वं स्तोत्र वाचा. नाथान संदेष्ट्याने पाप दाखवून दिल्यावर दाविदाने केलेली ही प्रार्थना. तो राजा होता, पण तिथे एकही सबब सांगत नाही. ‘झोप झाली नव्हती’, ‘कामाचा ताण होता’ हे सगळं खरं असेल, पण प्रार्थनेत तेच आधी येऊ देऊ नका.

त्याच दिवशी बोला. रागात असताना सूर्य मावळू नये, असं इफिस 4:26 सांगतं. उद्यावर ढकललं की ते राहूनच जातं.

मुलाच्या उंचीला येऊन चूक नेमकी सांगा. नुसतं ‘सॉरी हं’ पुरत नाही. ‘पण’ हा शब्द तर टाळाच. ‘मी चिडले, पण तूच ऐकत नव्हतास’ यात क्षमा उरतच नाही, उलट मुलावरच आरोप होतो. एकदा बूट सापडेना म्हणून मी माझ्या मुलीला म्हणाले होते, ‘तुला काही म्हणजे काही जमत नाही.’ संध्याकाळी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, ‘सकाळी मी तुला तसं बोलले ते चूक होतं आणि ते खरंही नाही. मला क्षमा करशील?’ ती फ्रॉकचं बटण फिरवत राहिली. मग हळूच विचारलं, ‘तू देवाला सांगितलंस?’ मी आधी सांगून आले होते म्हणून बरं.

क्षमेची घाई करू नका. ‘चल, आता हस बघू’ म्हणू नका. मूल गप्प राहिलं तर राहू दे. त्याला वेळ लागेल.

भरपाई करा. जक्कयाने कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करण्याचा शब्द दिला (लूक 19). चारचौघांत अपमान केला असेल तर क्षमाही त्याच लोकांसमोर मागा. चित्र फाडलं असेल तर शेजारी बसून ते चिकटवायला मदत करा.

मुलाचीही चूक होती, तिचं काय? ती सोडून द्यायची नाही. एली याजकाने मुलांना शब्दांनी दटावलं, पण आवरलं नाही, आणि त्याची मोठी किंमत त्या घराण्याला मोजावी लागली (1 शमुवेल 2 ते 4). मात्र शिस्तीचं बोलणं वेगळ्या वेळी, शांतपणे करा. क्षमेच्या वाक्याला ते जोडू नका.

शेवटी एकत्र प्रार्थना करा. प्रभूची प्रार्थनाच पुरे. ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ इथे थांबून ऋण म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगा. त्या दिवशी मुलाला ते चटकन कळतं.

तोच राग पुन्हा पुन्हा येत असेल, हात उगारला जात असेल, तर एकट्याने झगडत बसू नका. जोडीदाराला सांगा, पाळकांशी बोला, गरज वाटली तर समुपदेशकाकडेही जा. आणि पुढच्या वेळी आवाज चढू लागला की खोलीबाहेर जायचं, हे आजच मुलाला सांगून ठेवा, म्हणजे आपण त्याला टाकून गेलो असं त्याला वाटणार नाही.