स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी करण्यासाठी गावातल्या बाईला काय करता येईल?

भारतातल्या बायांमध्ये आज सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता. शहरांत प्रमाण जास्त आहे हे खरं, पण खेड्यातली बाई दवाखान्यात पोचते तेव्हा गाठ बरेचदा मोठी झालेली असते. त्यामुळे विदर्भातल्या गावांसाठी हा विषय परका नाही.

वाढतं वय, घराण्यातून आलेला दोष, पाळी किती लवकर आली आणि किती उशिरा गेली, यातलं काहीच आपल्या हाती नसतं. शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणींमध्ये तो आनुवंशिक असतो. म्हणून ज्या बाईला हा आजार झाला तिच्याबद्दल "काही तरी चुकलं असेल" असं कृपा करून बोलू नका. पुढे दिलेल्या गोष्टींनी धोका थोडा थोडा कमी होतो, संपत नाही.

१. आधी आपल्या अंगमेहनतीचा हिशेब करा

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम मेहनत सांगते. निंदणाला किंवा कापूस वेचायला जाणारी बाई एवढी मेहनत दोन दिवसांत करते. तिला "सकाळी फिरायला जा" सांगणं मला पटत नाही. तिला पोटभर सकस जेवण आणि झोप हवी.

पण गावात सगळ्याच बाया आता वावरात नसतात. कुणी शिलाई मशीनवर बसते, कुणी किराणा दुकान सांभाळते. तणनाशकं आल्यापासून निंदणाचे दिवसही कमी झाले. पन्नाशीनंतर सून वावरात जाते आणि सासू घरी थांबते. या बायांनी चालायलाच हवं. आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास, आणि चाल अशी की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत मात्र दिवस उगवायच्या आधीच आटोपा.

आपल्याकडे बाई बिनाकामाची एकटी रस्त्याने चालू लागली की लोक विचारतात, "कुठं निघाल्या?" म्हणून बचत गटातल्या चार-पाच जणी मिळून ठरवा. सोबत असली की विचारणारे गप्प होतात आणि चालणंही टिकतं.

२. कंबर मोजा

शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्या. ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या वर गेलं तर लक्ष द्यायची वेळ आली.

हे कशासाठी, तेही समजून घ्या. पाळी सुरू असते तोवर इस्ट्रोजेन हे हार्मोन मुख्यतः बीजकोशांतून येतं. पाळी गेली की ते काम चरबीकडे जातं. चरबी जास्त, तर इस्ट्रोजेन जास्त, आणि स्तनाच्या बऱ्याचशा कर्करोगांना ते पोसतं. म्हणूनच पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन जास्त धोक्याचं. "आता वय झालं, अंग सुटणारच" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. ते मान्य करू नका.

३. तेलाच्या डब्यावर तारीख लिहा

कोणताही एक पदार्थ खाल्ल्याने किंवा सोडल्याने हा कर्करोग टळत नाही. खाण्याचा संबंध मुख्यतः वजनातून येतो, आणि आपल्या स्वयंपाकात वजन वाढवणारी मोठी गोष्ट म्हणजे तेल. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे. १५ किलोच्या डब्यात सोळा लिटरच्या वर तेल असतं. पाच माणसांच्या घरात तो सहा महिन्यांच्या वर जायला हवा. डबा फोडला त्या दिवसाची तारीख खडूने त्यावर लिहून ठेवा, घरात कुणाला काही सांगावं लागणार नाही.

ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडी, तरोटा, जवसाची चटणी हे आपलं जुनं जेवण चांगलंच आहे. रोजच्या आलूबोंड्याची आणि बिस्किटांची सवय नवी आहे, ती कमी करा. सोयाबीन खाल्ल्याने स्तनाचा कर्करोग होतो ही भीती खोटी आहे, बेलाशक खा. शिवाय जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसून उरलेलं शिळंपाकं संपवायचं, ही रीतही मोडा. त्याने पोट भरतं, पण भाजी वाट्याला येत नाही.

४. दारूचा घोटही नको

बाया दारू पीत नाहीत असं धरून हा मुद्दा वगळला जातो. पण पूर्व विदर्भात मोहाची दारू सणावारी, लग्नकार्यात अनेक ठिकाणी बायाही घेतात. दारूने स्तनाचा कर्करोग होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. रोज १० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ३० मिलीचा एक पेग, एवढ्यानेही धोका सात ते दहा टक्क्यांनी वाढतो. घरी गाळलेली असो की दुकानातली, शरीराला फरक पडत नाही. खर्रा आणि गुडाखू या तंबाखूच्या पदार्थांचा मोठा धोका तोंडाच्या कर्करोगाचा आहे, पण सोडायला तेवढं कारण पुरेसं आहे.

५. बाळाला अंगावर पाजा, आणि घराने त्यासाठी वेळ द्यावा

बाळाला पाजल्याने आईचंही रक्षण होतं, हे घरातल्या मोठ्यांनाही फारसं ठाऊक नसतं. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्र हिशेब २००२ मध्ये मांडला गेला. त्यात दिसलं की सगळ्या बाळांचं मिळून जितके महिने पाजणं होतं, त्यातल्या दर १२ महिन्यांमागे आईचा धोका ४ टक्क्यांहून थोडा जास्त कमी होतो. दोन लेकरांना दोन-दोन वर्षं पाजलं तर तो फायदा चौपट साठतो.

पहिल्या तासात चीक पाजा, तो पिळून फेकू नका. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या, उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही. त्यानंतर वरच्या जेवणासोबत दोन वर्षं आणि पुढेही पाजत राहा.

अडचण येते ती कामाच्या दिवसांत. कापूस फुटला की बाळंतिणीलाही वावरात जावं लागतं, बाळ आजीजवळ राहतं, आणि दुपारी पाणी घातलेलं गाईचं दूध सुरू होतं. यावर तीन उपाय करता येतात. वावर जवळ असेल तर आजीने दुपारी बाळ घेऊन बांधावर यावं. तसं जमत नसेल तर निघण्याआधी हात धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत दूध काढून झाकून ठेवावं आणि आजीने ते वाटी-चमच्याने पाजावं. थंडीच्या दिवसांत ते चार तास चालतं, उन्हाळ्यात त्यावर भरवसा ठेवू नका. आणि रात्री जास्त वेळा पाजावं, म्हणजे दूध आटत नाही.

यातला एकही उपाय एकट्या बाईच्या हाती नाही. सासूने, नवऱ्याने ठरवलं तरच तो होतो. म्हणून हा भाग घरात मोठ्याने वाचून दाखवा.

६. हार्मोनच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका

पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी काही हार्मोनच्या गोळ्या देतात. त्यातल्या एकत्रित, म्हणजे इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं हार्मोनही असलेल्या गोळ्यांनी धोका वाढतो, हे २००२ पासून माहीत आहे. पाळणा लांबवायच्या गोळ्यांनीही, घेत असेपर्यंत, धोका किंचित वाढतो आणि बंद केल्यावर हळूहळू उतरतो. त्यांचे फायदेही आहेत, त्यामुळे घाबरून स्वतःहून बंद करू नका. आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि गर्भपिशवी काढली म्हणून स्तनाचा कर्करोग टळतो, हा समज चुकीचा आहे.

७. आपले स्तन आपल्या ओळखीचे ठेवा

वरचं सगळं पाळूनही आजार होऊ शकतो, म्हणून हे काम सोडू नका. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, आंघोळीच्या वेळी बोटं सपाट ठेवून दोन्ही स्तन आणि काखा चाचपा. नवी गाठ, आत ओढलेली बोंडी, त्यातून रक्त येणं, संत्र्याच्या सालीसारखी खड्डे पडलेली कातडी, यातलं काही दिसलं तर आठवडाभरात दाखवा. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका, कर्करोगाची गाठ सहसा दुखतच नाही.

तिशीनंतर उपकेंद्रात सरकारकडून स्तनांची मोफत तपासणी होते. आशाताईंना दिवस विचारून घ्या. मुंबईत टाटा रुग्णालयाने दीड लाखावर बायांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात नुसत्या हाताने, दर दोन वर्षांनी, तपासणीचं प्रशिक्षण घेतलेल्या बायांनी तपासणी केली. २०२१ मध्ये निकाल आला: आजार लवकरच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

गाठीला सुई लावली की कर्करोग पसरतो, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सुईनेच निदान पक्कं होतं. पुढच्या उपचाराला नागपूरचं मेडिकल, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. जाताना रेशनकार्ड, आधार आणि जुन्या तपासण्यांचे कागद सोबत घ्या, आणि पोचल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, भेटा.